खारीसाठी स्थळ पाहताना

मुलीकडची बाजू म्हणून दुसऱ्याच्या ओसरीत बसायचं, पोहे खायचे आणि चेहरा होता होईल तितका गरीब ठेवायचा, हा अनुभव मला बावन्नाव्या वर्षी आला. माझं स्वतःचं लग्न झालेलं नाही. ज्या वयात लोक मला पाहायला यायचे, त्या वयात मी त्यातल्या दोघांशी इतकी भांडले की तिसरा आलाच नाही. तेव्हा स्थळ पाहणं, घर पाहणं, बैठक, होकार, नकार या सगळ्यातून आपण सुटलो असं मी धरून चालले होते. या फेब्रुवारीत ते सगळं माझ्या मानगुटीवर बसलं, आणि तेही एका तीन पायांच्या कुत्रीपायी. त्या दोन महिन्यांत बुलढाणा जिल्ह्यात मी जेवढी हिंडले, तेवढी आधीच्या सात वर्षांत हिंडले नव्हते.

बुलढाणा, निघण्याआधी

सात वर्षांपूर्वी माझी बँकेतून बुलढाण्याला बदली झाली तेव्हा पुण्यातल्या नातेवाइकांनी पहिला प्रश्न विचारला, तिकडे रेल्वे जाते का. नाही जात. दुसरा प्रश्न कोणी विचारला नाही. मी दोन वर्षं काढून परत यायच्या बेतात होते. पण हे गाव डोंगरावर बसलेलं, संध्याकाळी वारा सुटतो, आणि रस्त्यात भेटणारा माणूस घाईत नसतो. पुण्यात माझ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं नाव मला पाटीवरून माहीत होतं. इथे माझ्या घरी वांगी आहेत की मेथी, हे समोरच्या तीन घरांना माहीत असायचं. पहिलं वर्ष मी यावर चिडले. मग चिडणं विसरले.

खारी मला चार वर्षांपूर्वी बसस्टँडच्या मागे, चहाच्या गाडीखाली सापडली. मागचा डावा पाय कशाखाली तरी चिरडलेला. मी चहात बुडवलेली खारी तिच्यापुढे धरली. तिने ती खाल्ली आणि मग मला चावली. त्या आठवड्यात आम्हा दोघींनाही इंजेक्शनं मिळाली, आणि तिचा तो पाय डॉक्टरांनी काढला. ती माझ्याकडे आली ती चार दिवसांसाठी, असं मी घरमालकांना सांगितलं होतं.

आमचा दिवस सकाळी सहाला सुरू व्हायचा. कोर्टाच्या बाजूने चक्कर, मग कॉलेजपर्यंत, मग परत. खारी तीन पायांवर छान चालते, पण एसटीचा हॉर्न ऐकला की जिथे असेल तिथे बसते. रस्त्याच्या मधोमध बसते. मग बस थांबते, मागचा ट्रक थांबतो, आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून माझ्याशी बोलतो. सुरुवातीला ते जे बोलायचे ते मी इथे लिहीत नाही. पुढेपुढे मात्र लांबूनच हॉर्न बंद व्हायला लागले. सकाळच्या गाड्यांचे ड्रायव्हर मला ओळखायला लागले, म्हणजे खारीला ओळखायला लागले. मी एकटी दिसले तर विचारायचे, "आज पोरगी कुठी हाये?"

मग मी पुण्याला बदली मागितली. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वॉकर धरून चालते. आणि खारीची आनंद व्हायची एकच तऱ्हा आहे: पळत येऊन माणसाच्या गुडघ्यांवर धडकायचं. तिला पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेणं म्हणजे आईचा दुसरा खुबा मोडायची व्यवस्था करणं. एप्रिलच्या सुरुवातीला मला हजर व्हायचं होतं. तोवर खारीला घर मिळालं नाही, तर ती पुन्हा बसस्टँडच्या मागे.

पुण्याच्या मैत्रिणींनी सुचवलं, मोबाइलवर फोटो टाक. टाकला. एकाने विचारलं, चार पायांची आहे का. दुसऱ्याने विचारलं, लहान आहे का, मुलीच्या वाढदिवसाला द्यायची आहे. मी फोटो काढून टाकला आणि दोघांना जे लिहिलं ते बँकेतल्या माणसाला शोभणारं नव्हतं.

हे सगळं मी आमच्या गजाननरावांना सांगितलं. गजाननराव आमच्या शाखेतले निवृत्त शिपाई, मूळचे धाडकडचे. निवृत्तीनंतर त्यांनी आयुष्यभराचा जोडधंदा पूर्णवेळ केला होता, तो म्हणजे लग्नं जमवायचा. पिशवीत एक वही, वहीत स्थळं. मोडलेलं लग्न एकच, आणि तेसुद्धा मोबाइलपायी मोडलं, असं ते छातीठोकपणे सांगायचे. माझं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"मॅडम, पोरगी अशी फोटो टाकून देतात काय? घर पाहा लागते. मानसं पाहा लागतात."

मी म्हटलं, गजाननराव, ती कुत्री आहे.

"हाव. म्हून तर जास्त पाहा लागते. थे काही माहेरी फोन नाही करू शकत."

त्यांनी वही उघडली.

धाड, दुसरा शनिवार

बँकेला सुट्टी म्हणून शनिवार धरला. जीप सलीमभाईंची. सलीमभाई एरवी बुलढाणा ते धाड प्रवासी नेतात, आणि पुढच्या सीटवर तिघं बसवल्याशिवाय त्यांची गाडी सुरू होत नाही. आज पुढे गजाननराव एकटे, मधे मी, मागे खारी. सलीमभाईंनी मागच्या सीटवर धुतलेलं पोतं अंथरलं होतं. त्यांच्या घरी कुत्रा आत घेत नाहीत, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. मग म्हणाले, "पर जीप थोडीच घर हाये?" आणि मी पाहत नाही असं समजून खारीला बिस्किट दिलं.

बुलढाणा सोडलं की रस्ता उतरत जातो. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या दोन्हीकडे उभ्या होत्या, मधेच गव्हाचा हिरवा तुकडा. एका ठिकाणी ओला हरभरा घेतला. मी सोलून खात होते, खारी सालासकट खात होती, आणि तिचा वेग माझ्यापेक्षा जास्त होता. गजाननराव मागे वळून मला सूचना देत होते. तिथे गेल्यावर जास्त बोलायचं नाही, मुलीची बाजू नरम असावी लागते. मी म्हटलं, मी नरम बोलतेच. सलीमभाईंना एकदम खोकला आला.

घर गावाच्या कडेला होतं, मागे लागूनच शेत. पार्वताबाई आणि त्यांचा मुलगा अमोल, दोघंच राहतात. वडील चार वर्षांपूर्वी वारले. आठ एकर, विहीर, दोन म्हशी. अमोल तेहतीस वर्षांचा. हे सगळं मला गजाननरावांनी जीपमध्ये सांगितलं, आणि तेव्हाच मला खटकायला हवं होतं की कुत्रीला विहिरीचं आणि मुलाच्या वयाचं काय करायचंय.

आम्ही उतरलो तर अंगणात सडा, रांगोळी. ओसरीत नवी सतरंजी. तीवर पाच माणसं बसलेली, त्यात कडक फेटा बांधलेले अमोलचे मामा. अमोल इस्त्रीच्या शर्टात, घड्या तशाच दिसत होत्या. दारामागे बायकांची गर्दी. मी मनात म्हटलं, काय माणसं आहेत ही. पुण्यात कुत्रं दत्तक द्यायचं तर एक फॉर्म भरतात.

पार्वताबाई पुढे आल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत. माझ्या पायावर पाणी घातलं. माझ्या मागे पाहिलं, जीपकडे पाहिलं. विचारलं, पोरगी आली नाही का. मी म्हटलं, आलीय ना, मागे झोपलीय. बायकांमध्ये कुजबुज झाली. सलीमभाईंनी मागचं दार उघडलं. खारीने खाली उडी मारली, अंग झाडलं, तीन पायांवर टुकटुक करत रांगोळीवरून चालत आली, आणि सतरंजीवर बसली. तोंडाला हरभऱ्याचं साल चिकटलेलं होतं.

मामांनी फेट्याला हात लावत गजाननरावांना विचारलं, "आन पोरगी?"

गजाननराव म्हणाले, "हेच."

मग जो खुलासा झाला तो ऐकून मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं, पण आधी गजाननरावांना ढकलून. त्यांनी फोनवर पार्वताबाईंना सगळं खरं सांगितलं होतं. पुण्याच्या मॅडमनी वाढवली आहे. मायबाप नाहीत. रंगाने भुरकी आहे. स्वभावाने गरीब. पायात अधू आहे, ते आधीच सांगतो, मागून तक्रार नको. फक्त कुत्री आहे, एवढं सांगायचं राहिलं. एसटीच्या ड्रायव्हरांमुळे मॅडमची कुत्री आख्ख्या धाडच्या बाजाराला माहीत आहे, मग सांगायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. आणि लग्नं जमवणाऱ्या माणसाचा घर पाहायला येतो म्हणून फोन आला, तर त्या घराने काय समजावं? सगळ्यात वाईट म्हणजे पार्वताबाईंनी ते सगळं ऐकून, पायासकट, हो म्हटलं होतं. चालते, सुभावानं चांगली पाहिजे, असं त्या म्हणाल्या होत्या.

अमोल जमिनीकडे पाहत होता. त्याचे कान लाल झाले होते. मग तो उठला, आत गेला, आणि एका पितळीत पाणी आणून खारीपुढे ठेवलं. त्या घरात तेवढीच काय ती हालचाल झाली.

आलेल्या पाहुण्याला उपाशी पाठवायची तिथे रीत नाही, त्यामुळे पोहे आलेच. वर शेव, वाटीत झणझणीत तर्री, बाजूला लिंबू. पुण्याच्या पोह्यांत आम्ही साखर घालतो आणि खोबरं भुरभुरवून कौतुक करून घेतो. हे पोहे खाताना डोळ्यांत पाणी येत होतं, आणि मला ते लपवायला बरं पडलं.

मी माफी मागायला स्वयंपाकघरात गेले. पार्वताबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी काय बोलले ते मलाच नीट आठवत नाही. त्या न वळता म्हणाल्या, "नऊ जागी पाह्यलं मॅडम. सारे एकच इचारतात, पोराले नोकरी हाये का. नाही म्हटलं का उठतात. आमच्या घरचे पोहेबी पुरे खात नाहीत."

तेवढ्यात खारी माझ्या मागून आत आली. पार्वताबाईंची स्वतःची बशी चुलीपाशी होती, हात न लावलेली. खारीने ती संपवली. तर्रीसकट. बशी चाटून जागच्या जागी फिरवली. मी तिला ओढायला धावले तर पार्वताबाई म्हणाल्या, "घेऊन जा मॅडम तिले. आमाले कुत्री नाही पाहिजे." आवाज चढलेला नव्हता. तो चढलेला असता तर मला बरं वाटलं असतं.

परतताना जीपमध्ये गजाननराव वही मांडीवर मिटून बसले होते. निम्म्या वाटेवर म्हणाले, चुकलंच माझं. मी म्हटलं, हो.

उंद्री, दुसऱ्या दिवशी

मी जाणारच नव्हते. पण दुसरं स्थळ ठरलेलं होतं, आणि गजाननरावांनी सकाळी माझ्यासमोर फोन लावून, कुत्री, कुत्री, कुत्री असं तीन वेळा सांगितलं.

उंद्रीला चिखलीवरून गेलो. चिखलीत आलुबोंडे खाल्ले. खारीने सलीमभाईंच्या हातातला घेतला, आणि सलीमभाईंनी बिस्मिल्ला म्हणून दुसरा मागवला. इथे जमीन सपाट, काळी, नजर पोचेल तिथवर शेत. स्थळ मोठं होतं. शंभरेक एकरांचे मालक, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. दुमजली बंगला, चकचकीत फरशी, फाटकावर दोन सिमेंटचे सिंह. आमच्यासाठी खुर्च्या आल्या, चहा कपबशीत आला, काजू आले. पुण्यात आल्यासारखंच वाटलं, म्हणजे कोणी आपुलकीने काही विचारलं नाही.

भाऊसाहेबांनी खारीला लांबूनच पाहिलं. जात कोणती, विचारलं. गजाननरावांनी उत्तर दिलं, "गावरान. आपल्यातलीच." मला ते उत्तर आवडलं. मग भाऊसाहेब म्हणाले, भुंकते का. कारण त्यांना राखणीला हवी होती. त्यांनी गड्याला सांगून फाटकाबाहेरून डबा वाजवायला लावला. खारीने एक कान उभा केला, डबा वाजवणाऱ्याकडे गेली, त्याच्या गुडघ्यांवर धडकली आणि शेपूट हलवत उभी राहिली. गडी खूश झाला. भाऊसाहेब झाले नाहीत.

तिची जागा कुठे, मी विचारलं. त्यांनी पाण्याच्या टाकीशेजारी दाखवलं. तिथे जमिनीत एक खुंटी होती, साखळी होती, आणि खुंटीभोवती माती घासून गुळगुळीत झालेलं एक गोल रिंगण होतं. आधीचा कुत्रा अकरा वर्षं तिथे होता, असं गड्याने सांगितलं. अकरा वर्षं तो त्या रिंगणाबाहेर गेला नव्हता. मी ठरवलं, आता यांना नरम शब्दांत नकार द्यायचा. गजाननरावांनी शिकवलेलं वाक्य तयार ठेवलं: घरी जाऊन विचार करतो आणि कळवतो. या वाक्याचा अर्थ "नाही" असा होतो, हे दोन्ही बाजूंना पक्कं माहीत असतं. आमच्याकडे यालाच पत्रिका जुळत नाही म्हणतात.

मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊसाहेब उठून म्हणाले, "आमी इचार करतो आन कळवतो."

मी जी भडकले. माझ्या पोरीला नाही म्हणतो हा माणूस? काय कमी आहे तिच्यात? एक पाय? मला ते घर स्वतःला नको होतं, मी स्वतः नाही म्हणायला उभी होते, पण त्याने आधी म्हणावं? फाटकाबाहेर येईपर्यंत मी गप्प राहिले, आणि मग सिमेंटच्या सिंहांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. गजाननराव शांतपणे म्हणाले, आता तुमाले समजलं, काल त्या माउलीले कसं वाटलं असंन. मी जीपमध्ये जाऊन बसले. खारी माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तिला नकार मिळालाय हे तिला कळलं नव्हतं, आणि मला तिच्या वाटचंही दुःख करायला लागत होतं.

बुलढाणा, बुधवार

बुधवारी दुपारी बँकेत गर्दी होती. रांगेत डोक्यावर पदर, काखेत पिशवी अशी एक बाई होती. तिची पाळी आली तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, काय काम आहे. बाई माझ्या टेबलाकडे बोट करून म्हणाली, "पोरीचं घर पाहाचं हाये."

पार्वताबाई होत्या. एसटीने एकट्या आल्या होत्या. आख्खी शाखा माना वळवून पाहत होती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि त्यांना घरी आणलं.

मुलाकडचे आधी मुलीचं घर पाहून जातात, ही रीत त्यांनी पाळली. खोल्या पाहिल्या. मोरी पाहिली. खारी सोफ्यावर झोपली होती, ते पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. कुत्र्यांच्या खाण्याचं पाकीट उघडून वास घेतला आणि विचारलं, हे कोंबड्यायचं का. तुम्ही काय खाता, हेही विचारलं. मी सकाळचा भात दाखवला. त्यांनी मान हलवली, आणि पिशवीतून भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत काढून माझ्यापुढे ठेवलं.

मी जेवत असताना त्या बोलल्या.

"शनिवारी तुमची जीप गेली. मी घरात बसली व्हती रडत. आन बाहेर पोरगं हासाले लागलं. मामाच्या फेट्याकडं पाहे आन हासे. पोट धरून हासलं. चार सालात मी त्याचं हासणं आयकलं नव्हतं मॅडम. मंग मलेबी हासू आलं."

माझ्या पानात आणखी भरीत वाढत म्हणाल्या, "आन तुमच्या पोरीनं नोकरी नाही इचारली. बशी पुसून खाल्ली."

मी भाकरीला जास्तच ठेचा लावून घेतला. त्यांनी पाणी दिलं.

मग आम्ही बोलणी केली. माझ्या अटी: बांधायचं नाही, दरवर्षी इंजेक्शन, आणि आठवड्यातून एकदा फोन. त्यांची अट एकच: घरात झोपायचं नाही, ओसरीत. संध्याकाळी गजाननराव आले, त्यांना दारातच पार्वताबाई दिसल्या, तर ते दोन पावलं मागे गेले. पार्वताबाई म्हणाल्या, या, घाबरू नका. गजाननरावांनी वहीत सगळ्या अटी लिहून घेतल्या, आणि वर श्री काढलं.

धाड, चौथा शनिवार

पोचवायला गेलो. मी स्वतःला बजावलं होतं की हे लग्न नाही, पाठवणी नाही, तू बँकेची अधिकारी आहेस. खारीची चादर, वाटी, औषधांची चिठ्ठी, सगळं एका पिशवीत. सलीमभाईंनी जीप धुतली होती.

या वेळी सडारांगोळी नव्हती, पण गल्लीतल्या बायका आधीच्या शनिवारपेक्षा दुप्पट जमल्या होत्या. सून म्हणून आलेली कुत्री पाहायला कोण येणार नाही. दारात पार्वताबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. नवं माणूस घरात येताना दृष्ट लागू नये म्हणून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. त्यांनी तुकडा खारीवरून एकदा ओवाळला, दुसऱ्यांदा ओवाळला. तिसऱ्या फेरीला खारीने तीन पायांवर उडी मारून तो हवेतच पकडला आणि गिळला.

बायकांच्या तोंडाचा आ तसाच राहिला. ओवाळलेला तुकडा लांब टाकायचा असतो, तो कोणी खाल्ला तर सगळी इडापिडा त्याच्या पोटात जाते म्हणतात. मामा फेटा न बांधता आले होते. ते गंभीरपणे म्हणाले, "घ्या. साऱ्या घरची इडापिडा खाऊन टाकली तिनं." अमोल भिंतीला टेकून हसत होता, पोट धरून. पार्वताबाई त्याच्याकडे पाहत होत्या, खारीकडे नाही.

मी पिशवी दिली आणि लगेच निघाले. थांबले असते तर घेऊन आले असते. अमोलने तिला आत नेऊन दार लावलं. ती आतून रडत होती. ते मला वळणापर्यंत ऐकू येत होतं, आणि सलीमभाईंनी हॉर्न वाजवत वाजवत ते बुडवायचा प्रयत्न केला.

त्यानंतरचे दिवस मी सांगत नाही. सकाळी सहाला उठायचे आणि चप्पल घालून दारात उभी राहायचे. एसटीवाले विचारायचे. मी सांगायचे, दिली. ते मान हलवायचे आणि हॉर्न न वाजवता निघून जायचे. अमोलचा फोन यायचा. खारी दोन दिवस जेवली नाही, मग जेवली. मग तिने कोंबडीमागे धावून पाहिलं. मग विहिरीपर्यंत जाऊ लागली. मी प्रत्येक वेळी छान, छान म्हणायचे आणि फोन ठेवून मुसमुसायचे.

धाड, निघण्याच्या आठवड्यात

मार्चअखेर सामान बांधून झालं आणि एक शेवटची फेरी केली. गहू काढणीला आला होता, ऊन मी म्हणत होतं. अमोलला मी आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं: मी निघताना तिला घट्ट धरून ठेव. ती जीपमागे धावेल. तीन पायांवर त्या रस्त्याने धावेल, आणि मी मागे वळून पाहीन आणि मग मी पुण्याला जाऊच शकणार नाही. हे मी इतके दिवस डोळ्यांपुढे पाहत होते की ते झाल्यातच जमा होतं.

जीपचा आवाज ऐकून खारी शेतातून आली. लांबूनच ओळखलं, आणि येऊन गुडघ्यांवर अशी धडकली की मी मातीत बसले. माझं तोंड चाटलं, हात चाटले, केस चाटले. अंगाला माती, कानात कुसळं, आणि चांगली जाड झाली होती. पार्वताबाईंनी पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आणि भाकरी वाढली. रस्सा इतका तिखट होता की मला बोलता येईना, आणि मी दोनदा मागून घेतला. खारी जेवणभर माझ्या पायांवर बसून होती. मधल्या खोलीत कोपऱ्यात एक गोधडी घडी करून ठेवलेली दिसली, तिच्यावर भुरके केस. मी पार्वताबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ओसरीत डास चावतात तिले.

मग निघायची वेळ झाली. मी खारीच्या कपाळाला कपाळ लावलं, काहीतरी बोलले, उठले, आणि जीपकडे चालायला लागले. ती माझ्याबरोबर चालत आली. अमोलला मी खूण केली, धर. त्याने धरलं नाही. तो हातात विळा घेऊन तसाच उभा राहिला.

शेताच्या धुऱ्यापाशी, म्हणजे बांधापाशी, खारी थांबली. कोणी बांधलेलं नव्हतं, कोणी हाक मारली नव्हती. मी जीपमध्ये बसले. सलीमभाईंनी गाडी सुरू केली. ती पाहत होती, शेपूट हळूहळू हलत होतं. पार्वताबाई हात जोडून वळल्या आणि घराकडे चालू लागल्या. खारीने एकदा जीपकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग ती वळली आणि त्यांच्या मागे टुकटुक करत घरी गेली.

मला आनंद व्हायला हवा होता. याचसाठी दोन महिने गावोगाव पोहे खात फिरले होते. पण ती धावली नाही. एक पाऊलसुद्धा धावली नाही. मी दात आवळून समोर पाहत बसले, कारण दोन पुरुषांसमोर जीपमध्ये रडायचं नाही, एवढं तरी माझं वय झालेलं होतं.

गजाननरावांनी वही काढली, खारीच्या नावापुढे काहीतरी लिहिलं, वही पिशवीत ठेवली.

"मॅडम," ते म्हणाले, "पोरगी मागं धावली असती त आपलं घर पाहाचं चुकलं असतं. नाही धावली. आता रडा."

मग मी बुलढाणा येईपर्यंत रडले.